ती पाच मिनिटं परत द्या : पाळकसाहेब आणि पंच कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीचे सर्व सभासद,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात उपासनेनंतर सेक्रेटरींनी सूचना वाचल्या, त्यात एक सूचना अशी होती की प्रभूच्या स्मरणात भाकर आणि प्याला घेतो त्या प्रभुभोजनाच्या आधी आत्मपरीक्षणासाठी असलेली पाच मिनिटांची शांतता यापुढे ठेवली जाणार नाही. उपासना लांबते, मुलं चुळबुळ करतात, नव्यानं येणाऱ्यांना अवघडल्यासारखं होतं. त्याऐवजी पापकबुलीची छापील प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणायची आणि पुढे जायचं. लगेच पुढची सूचना आली, वर्धापनदिनाच्या वर्गणीची. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण निर्णय सगळ्यांना लागू झाला आहे, आणि ज्या दोषाविषयी मला बोलायचं आहे तो एकट्या कमिटीचा नाही. त्यात माझा वाटा मोठा आहे.

आधी तोच सांगते.

मी वीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलं. योहानाच्या शुभवर्तमानातल्या जन्मांध माणसाची गोष्ट मुलांना किती वेळा सांगितली असेल, मोजता येणार नाही. डोळ्यांवर लावलेला चिखल, शिलोहाचं तळं, सगळं हातवारे करून सांगायचे. आणि त्या वीसपैकी अकरा वर्षं मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी एक शब्द बोलले नव्हते. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून आमचं बिनसलं होतं. त्या अकरा वर्षांत मी एकदाही प्रभुभोजन चुकवलं नाही. बहिणीसाठी प्रार्थनाही करत होते. प्रार्थना ठरलेली होती : प्रभू, तिचे डोळे उघड.

त्या पाच मिनिटांत मी काय करायचे? दुपारी कोण येणार, मुलांच्या फिया कधी भरायच्या, असलीच जुळवाजुळव. मग एका रविवारी शांतता सुरू झाली आणि माझ्या पुढच्या बाकावरची एक बाई आपल्या लेकीची सुटलेली वेणी घालू लागली. आवाज होऊ नये म्हणून पिन दातांत धरलेली. मुलगी मान न हलवता बसली होती. अशाच वेण्या मी रोज सकाळी माझ्या बहिणीच्या घालत असे, आणि तीही अशीच मान ताठ धरून बसायची. मला एकदम दिसलं. ती काय चुकली याची यादी मला तोंडपाठ होती, आणि मी काय केलं ते मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, हे प्रभूचे शब्द मी मुलांकडून पाठ करून घेतले होते. भाकरीचं ताट आलं, ते मी पुढे दिलं, उठले आणि बाहेर पायरीवर बसून फोन लावला. पलीकडे कितीतरी वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "ताई, जेवलीस का?"

पाळकसाहेब, हे त्या पाच मिनिटांत झालं. छापील प्रार्थना तर मी आधीही म्हणतच होते. "आम्ही पाप केले आहे" हे सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणताना माझं पाप मला कधी टोचलं नाही.

आत्मिक अंधत्व म्हटलं की आपल्याला देवाला न मानणारी माणसं आठवतात. मला माझे वडील आठवतात. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा दिसत नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, बल्ब मंद झालेत. आम्ही बल्ब बदलले. एक, दुसरा, तिसरा. पेपरवाले छपाई फिकी करू लागलेत असंही त्यांचं ठाम मत होतं. ऑपरेशन होऊन पट्टी निघाली, घरी आले, खोलीत उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "ही भिंत कधीपासून एवढी कळकट झाली?" नंतर बराच वेळ स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसले. दृष्टी परत आल्यावर आधी मळ दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणूनच बहुधा आपल्याला ती नकोशी वाटते.

आता माझ्या तक्रारी. मनाला लागल्या त्या क्रमानं मांडते.

पहिली, या निर्णयाच्या कारणांविषयी. मुलं चुळबुळतात हे खरं. वीस वर्षं मुलांमध्ये काढलेली बाई म्हणून सांगते, मोठी माणसं खरोखर शांत बसली की मुलंही बसतात. आपण घड्याळाकडे बघतो, म्हणून ती बघतात. नव्या माणसांना अवघडतं हेही खरं असेल. पण पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं आणि त्या प्याल्यातून प्यावं. हे त्यानं मंडळीत आधीपासून असलेल्या लोकांना लिहिलं, कारण तिथे श्रीमंत आधीच पोटभर जेवत होते आणि गरीब उपाशी राहत होते, आणि त्याला ते प्रभूचं भोजन म्हणत होते. परीक्षा हा तिथे शोभेचा भाग नव्हता. "घरी करावं ना आत्मपरीक्षण" असं एका पंचांनी मला सांगितलं. जरूर करावं. मी अकरा वर्षं केलं नाही, एवढंच माझं उत्तर आहे.

दुसरी तक्रार वार्षिक अहवालाची. मी तो दोनदा वाचला. छताची दुरुस्ती, नवे दिवे, नवी साउंड सिस्टीम, वर्गणीचा हिशेब, सगळं चोख आहे, आणि ज्यांनी राबून हे केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण या वर्षात कुणाचा समेट झाला, कोण बऱ्याच काळानं प्रभूकडे परतलं, कोण आपल्यातून निघून गेलं आणि का, याची एक ओळ नाही. नावं घालू नका, पण ओळ तरी असावी. मला वडिलांचे बल्ब आठवले. आपल्याला अंधुक दिसतं आहे, आणि आपण दिवे बदलतो आहोत.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. ते शहर सावकारीसाठी, काळ्या लोकरीसाठी आणि डोळ्यांच्या औषधासाठी ओळखलं जाई. इसवी सन 60 च्या भूकंपात ते पडलं, तेव्हा रोमची मदत न घेता त्यांनी ते स्वतःच्या पैशानं पुन्हा उभारलं. अशा गावातल्या मंडळीला प्रभू म्हणतो की मला काही कमी नाही असं तू म्हणतेस, पण तू दरिद्री, आंधळी आणि उघडीनागडी आहेस. माझ्याकडून सोनं घे, शुभ्र वस्त्रं घे, डोळ्यांत घालायला अंजन घे. ज्याचा त्यांना अभिमान होता, नेमकं तेच. आणि त्याच पत्रात ते वाक्य आहे, मी दाराशी उभा आहे आणि दार ठोठावत आहे. हे वाक्य आपण नेहमी अविश्वासी लोकांना ऐकवतो. ते लिहिलं गेलं मंडळीला. आत उपासना चालू आहे आणि प्रभू बाहेर उभा आहे.

तिसरी तक्रार लिहिताना हात जड होतो, कारण पाळकसाहेब, तुम्ही आमच्या घरच्या सुखदुःखात रात्रीअपरात्री धावून आला आहात. पण बोलते. मी संदेशांची टिपणं वहीत लिहिते. गेल्या वर्षभराची पानं उलटून पाहिली. आशीर्वाद, प्रगती, समस्यांवर विजय. पश्चात्ताप हा शब्द आला तेव्हा तो जगासाठी आला, समाजासाठी आला, तरुण पिढीसाठी आला. बाकावर बसलेल्या आमच्यासाठी आला नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, देव लहान शमुवेलाला हाक मारतो त्या अध्यायाच्या सुरुवातीला, दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत : त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मिळ झालं होतं, आणि म्हाताऱ्या याजक एलीची दृष्टी मंद होत चालली होती. एली वाईट नव्हता. आपली मुलं काय करतात हे त्याला ठाऊक होतं, त्यांना तो बोललाही होता. त्यानं आवरलं मात्र नाही. तिथेच पुढे लिहिलं आहे की देवाचा दीप अजून विझला नव्हता. त्या शब्दांवर मी आशा ठेवून हे लिहिते आहे.

चौथी तक्रार सर्वांत मोठी आहे. आपल्यातल्या एका भावानं प्रार्थनासभेत उभं राहून आपलं पाप कबूल केलं. कुणाची बदनामी केली नाही, तपशील चघळले नाहीत. रडला, आणि मला परत यायचं आहे म्हणाला. सभा संपल्यावर त्याला बाजूला घेऊन समजावण्यात आलं की अशा गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, मंडळीचं नाव खराब होतं. त्यानंतर तो आलेला नाही. मी तिथे होते. मीही काही बोलले नाही.

योहानाच्या नवव्या अध्यायात 41 वचनं आहेत. माणसाला दृष्टी मिळते ती पहिल्या सातांत. उरलेली 34 वचनं चौकशीची आहेत. मुलांना शिकवताना मी सातव्या वचनाशी गोष्ट संपवत असे. पुढचं रुक्ष वाटायचं. आता वाटतं, खरी गोष्ट तिथे सुरू होते. तो माणूस आधी म्हणतो, येशू नावाच्या माणसानं हे केलं. मग म्हणतो, तो संदेष्टा आहे. मग, तो देवापासून आला नसता तर त्याला काही करता आलं नसतं. आणि शेवटी, प्रभू, मी विश्वास ठेवतो. त्याची नजर पायरीपायरीनं वाढत जाते. परूश्यांची, म्हणजे त्या काळच्या कडव्या धर्मपुढाऱ्यांची, त्याच पायऱ्यांनी उतरत जाते. सुरुवातीला त्यांच्यातही दोन मतं आहेत, काही जण विचार करताहेत. मग हा आंधळा होता हेच ते मानत नाहीत. मग आईबापांना बोलावतात, आणि सभास्थानातून घालवतील या भीतीनं आईबाप मुलाच्या बाजूनं उभे राहत नाहीत. परूशी म्हणतात, आम्हाला ठाऊक आहे. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्याला ते बाहेर घालवतात. आणि येशूला हे कळल्यावर येशू त्याला शोधून काढतो. आपल्या भावाला बाहेर घालवण्यात आपण सामील झालो. त्याला शोधायला मात्र आपल्यातलं कुणी गेलं नाही. तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसतं, पण आम्हाला दिसतं असं म्हणता म्हणून तुमचं पाप राहतं, अशा अर्थाचं प्रभूचं उत्तर त्या अध्यायाच्या शेवटी आहे. ते मी आता स्वतःला वाचून दाखवते.

कुणी म्हणेल, आपले बाप्तिस्मे झाले आहेत, आपण जुने विश्वासी, आपल्याला कसलं अंधत्व? मार्कानं बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट लिहिली आहे. ती इतर शुभवर्तमानांत नाही. येशूनं हात ठेवल्यावर त्याला विचारलं, काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशूनं पुन्हा हात ठेवले. पहिल्या स्पर्शानंतर त्यानं "दिसतंय, झालं" म्हटलं असतं, तर जन्मभर माणसांना झाडं समजत राहिला असता. त्याच्या आधीच येशूनं शिष्यांना विचारलं आहे की डोळे असून तुम्हाला दिसत नाही काय, आणि त्यानंतर लगेच पेत्र त्याला ख्रिस्त म्हणून ओळखतो, आणि पुढच्याच घटकेला वधस्तंभाला विरोध करून धमकावून घेतो. अर्धं दिसणारा तोच पेत्र मंडळीचा खांब झाला.

"अमेझिंग ग्रेस" हे गीत लिहिणारा इंग्रज खलाशी जॉन न्यूटन 1748 मध्ये समुद्रावरच्या वादळात देवाकडे वळला. मग काय केलं? गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. 1754 पर्यंत तळघरात माणसं साखळदंडांनी बांधलेली, आणि वर हा बायबल वाचतो, खलाशांकडून प्रार्थना करून घेतो. त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. त्या व्यापाराविरुद्ध त्यानं पुस्तिका छापली 1788 मध्ये, वादळानंतर 40 वर्षांनी, आणि त्यात स्वतःचा भाग उघड कबूल केला. मधल्या काळात तो पाळक झाला होता, भक्तीनं जगत होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला, आणि त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं गेली. एवढी विदुषी, एवढी त्यागी बाई हे लिहू शकते. आपण का घाबरतो?

पश्चात्ताप या शब्दात ताप आहे. पण संदेष्टे ज्या हिब्रू शब्दानं लोकांना हाक मारतात, त्याचा अर्थ वळणं, परत येणं असा आहे. वाईट वाटणं हा रस्त्याचा पहिला फाटा झाला. घरी पोचणं अजून बाकी असतं. होशेय संदेष्टा म्हणतो, एफ्राईम, म्हणजे इस्राएलचे लोक, ही न परतलेली भाकर आहे. एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. मराठीत भाकरही परततात आणि घर सोडून गेलेलं माणूसही परततं, म्हणून हे वचन आपल्या भाषेत मला फार जवळचं वाटतं. रविवारची बाजू किती भाजून निघाली आहे आपली! आणि दुसरी, जिथे पैशाचे व्यवहार असतात, भाऊबंदकी असते, रात्री एकट्यानं हाताळलेला मोबाईल असतो, ती तव्याला लागलेलीच नाही. पूर्ण मनानं माझ्याकडे वळा, वस्त्रं नव्हे तर हृदयं फाडा, असं योएलाच्या पुस्तकात परमेश्वर म्हणतो, आणि काही वचनांपुढे लिहिलं आहे की देवडी आणि वेदी यांच्या मध्ये याजकांनी रडावं. लोकांच्या वतीनं, लोकांच्या पुढे. कारण लोक पुढाऱ्यांकडे बघून वळतात.

म्हणून माझ्या मागण्या.

ती पाच मिनिटं येत्या प्रभुभोजनापासून पुन्हा सुरू करा. पाचाची सात केलीत तर आनंद होईल, पण त्यात ऑर्गन वाजवू नका, सूचना देऊ नका. वेळ हवा असेल तर सूचनांमधून काढा.

त्या भावाच्या घरी पाळकसाहेब आणि निदान दोन पंच, तुम्ही स्वतः जा. बोलावणं पाठवू नका. त्याची माफी मागा. मला बरोबर नेलंत तर मीही मागेन.

आत्मपरीक्षणाच्या वेळी पहिल्यांदा गुडघे तुम्ही टेका. तुमची पापं आम्हाला सांगायची काही गरज नाही. तुम्हीही त्याच अंजनाचे गरजू आहात एवढं आमच्या मुलांना दिसू द्या. आणि वर्षातून काही रविवार तरी, पाळकसाहेब, आम्हाला उद्देशून पश्चात्तापाचा संदेश द्या. आम्ही रागावलो तरी द्या.

नवा कार्यक्रम, नवी समिती, पुनरुज्जीवन सभेसाठी बाहेरचा वक्ता, यातलं मी काहीही मागत नाही.

हे पत्र वाचून कुणाला वाटेल की ही बाई मंडळी सोडायच्या तयारीत आहे. तसं नाही. माझा बाप्तिस्मा इथे झाला, माझ्या आईवडिलांना याच मंडळीनं निरोप दिला. पंच कमिटीच्या पुढच्या सभेत मला दहा मिनिटं बोलू द्यावं, अशी विनंती वेगळ्या अर्जानं केली आहे. नकार असेल तर तोही लेखी द्या, म्हणजे ताटकळत राहणार नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला माझी बहीण माझ्याबरोबर येणार आहे. तिनं बरीच वर्षं कुठल्याच मंडळीत पाऊल टाकलेलं नाही, आणि त्याला कारण काही अंशी मी आहे. पायरीवरून तिला फोन का केला, हे मी तिला सांगितलं आहे. ती परवा विचारत होती, ती शांतता उपासनेत नेमकी केव्हा असते, मला उशीर नको व्हायला. तिला काय सांगू, ते कळवा.

ख्रिस्तात आपली,
मंडळीची एक सभासद